शून्याची बांधी

सतराव्या वर्षी मला जगातलं सगळं कळत होतं. आता तोंडात चार दात उरले, पण तेवढी अक्कल पुन्हा काही आली नाही. त्या वर्षीची सुमन आज माझ्या अंगणात येऊन उभी राहिली, तर मी तिला आधी गडूभर पाणी देईन आणि मग खराट्यानं बदडीन. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि चालताना मान अशी वर, की बांधावरून पाय घसरला तरी दोष आभाळाचा. मॅट्रिकला गणितात चांगले गुण पडले होते. त्याचा ताठा एवढा, की मालगाडी किती डब्यांची आहे आणि फाटक उघडायला किती वेळ लागेल, हे ती फाटकवाल्याला सांगायला जायची. तो बिचारा म्हणायचा, "हो बाई, तूच चालव गाडी."

आमचं घर सौंदडपासून जवळच्या एका खेड्यात, रुळाच्या पलीकडे. दोन खोल्या, वर कवेलू, मागे म्हशीचा गोठा. गाडी गेली की फळीवरची भांडी एकमेकींशी कुजबुजायची आणि आई झोपेतही हात वर करून भाताचा पितळी गंज धरायची. माणसं तीनच: आई, मी आणि मनोहरभाऊ. बाबांचं जाणं फार आधीचं, ते इथे सांगत बसत नाही. जेवायला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण, कधी अंबाडीची भाजी, बाजाराच्या दिवशी सुकलेल्या झिंग्यांची चटणी. ती चटणी तव्यावर पडली की शेजारची कुत्रीसुद्धा आमच्या दारात येऊन सभ्यपणे बसायची. आणि या सगळ्या आवाजांत आणि वासांत एक आवाज होता, जो गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. मातीच्या भिंतीवर खडू घासल्याचा. भाऊ बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीवर गणितं मांडायचा. दिवाळीआधी आई सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारून काढायची, पण तेवढा तुकडा सोडून. ती एक अक्षर शिकली नव्हती. तरी तिचं ओलं फडकं त्या शेवटच्या आकड्याच्या बरोबर चार बोटं अलीकडे थांबायचं.

भाऊ नागपूरला राहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून आला होता. तेही यंत्रांचं, तारांचं नव्हे, नुसतं कागदावरचं. कुणी विचारलं की आई सांगायची, "माहा पोरगा कागदावर उन्हपाणी करते." त्याला दूरच्या मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत जायचं होतं. तिथे जागा मिळावी म्हणून त्यानं अर्ज केला होता, आणि ते होईस्तोवर गावाजवळच्या सरकारी चारा-संशोधनाच्या शेतावर हंगामी कामाला लागला होता. गावात त्या शेताला नाव होतं गवताचा फारम. आमच्याकडे जनावरं पिढ्यान्पिढ्या तणीस खात आलेली. धानाची मळणी झाली की उरेल ते त्यांचं. गवत पेरायचं, त्याला युरिया द्यायचा आणि कापून काट्यावर तोलायचं, हे ऐकून म्हातारे लोक खोकला येईपर्यंत हसायचे.

मीही तिथेच रोजीनं जायचे. कापलेलं हत्तीगवत तोलायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हे माझं काम. भाऊ तो लिहून घ्यायचा. शेताचे साहेब पुण्याकडचे, पांढरा शर्ट, डोक्यावर गोल टोपी. त्यांनी जमिनीचे सारखे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं खत ठरवलं होतं. एकाला थोडं, एकाला जास्त, एकाला त्याहून जास्त. आणि एका तुकड्याला काहीच नाही. त्याच्या पाटीवर नुसता शून्य. आमच्याकडे बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात; बाया याला म्हणायच्या उपाशी बांधी. बाकीचं गवत डोक्याच्या वर गेलं, हिरवंगार, वाऱ्यात सळसळणारं, आणि हे मधोमध कमरेएवढं, पिवळं. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं साहेबांना विचारलं होतं, "साहेब, सगळ्या लेकरायले जेवू घालता आन् एकाले उपाशी ठेवता, हे कोणतं शास्त्र होय?"

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, उपाशी गवत किती वाढतं हे कळल्याशिवाय खतानं किती दिलं ते कळणार कसं?"

म्हातारी मान हलवून गेली आणि बांधावर जाऊन म्हणाली, "कळलं तं कळलं, पाप तं लागलंच."

मी हसले होते. मॅट्रिक झालेली ना मी.

भाऊला जे सुचलं ते याच पिवळ्या तुकड्यावरून सुचलं. एका संध्याकाळी तो चुलीजवळ येऊन बसला आणि भाजीतला सराटा, म्हणजे लोखंडी उलथणं, उचलून त्याचं एक टोक निखाऱ्यात खुपसलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. आई ओरडली. तो म्हणाला, "सुमे, हे टोक तापलं. तुह्या हातातलं टोक कधी तापल, ते मी न पाहता सांगतो." त्यानं भिंतीवर लिहिलं, मोजलं, वेळ सांगितली. मी काय करावं? त्याची पाठ वळताच सराट्याचं माझ्याकडचं टोक ओल्या फडक्यात गुंडाळलं. वेळ टळून गेली तरी टोक थंड! भाऊ पाच मिनिटं कपाळाला हात लावून बसला, मग त्याला फडकं दिसलं आणि त्यानं माझी वेणी ओढली. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. आता आठवते तेव्हा त्या पोरीच्या हसण्याचा मला राग येतो. पण तेव्हा घरात खरोखर फार हसू होतं.

मग त्यानं समजावून सांगितलं. उष्णता जशी लोखंडातून सरकते, तसं विरघळलेलं खत ओल्या जमिनीतून आडवं सरकत असेल, तर त्याचं गणित एकच आहे. आमची जमीन मोरांड, म्हणजे काळसर, पाणी धरून ठेवणारी. पाऊसपाणी चांगलं असलं की हातभर खाली ओल उभीच असते. तेव्हा शेजारच्या भरपूर खत दिलेल्या तुकड्यातून खत उपाशी बांधीत आपोआप यायला हवं. कडेला जास्त, आत आत कमी, आणि कमी होतानाही एका ठराविक वाकड्या रेषेनं. हे खरं ठरलं, तर शेतकऱ्यानं एक पट्टी सोडून एका पट्टीला खत दिलं तरी भागेल. अर्ध्या खतात पूर्ण चारा. "गरिबाची म्हैस दूध देईल, सुमे," तो म्हणाला. ती वाकडी रेषा त्यानं मला भिंतीवर काढून दाखवली, मग पुसली आणि म्हणाला, "आता तू काढ." मी काढली. तो बराच वेळ बघत राहिला. "तुह्यात डोकं आहे वं. माह्यापेक्षा जास्त असल. पुढच्या साली तुले बी नागपूरले धाडतो."

साहेबांना ते पटलं नव्हतं. "मनोहर, खत इतकं आडवं चालत नाही. पण विचार सुंदर आहे," ते म्हणाले. त्यांनी भाऊला परवानगी दिली, उपाशी बांधीच्या बारीक पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीचं गवत वेगळं तोलायची. त्या मोठ्या संस्थेतल्या लोकांना पत्रही लिहिलं, की हा मुलगा असं असं करून पाहतो आहे. तिकडून उत्तर आलं, आकडे घेऊन या. भाऊचं सगळं आयुष्य त्या पिवळ्या तुकड्यात येऊन उभं राहिलं.

आणि तुकडा पिवळाच. पहिल्या कापणीला काही नाही. दुसऱ्या कापणीला कडेशी थोडासा हिरवेपणा आला असं मला वाटलं, पण तो म्हणाला, एवढ्यानं काही म्हणता येत नाही, थांबायला पाहिजे. तो रोज काम संपल्यावर त्या बांधीच्या काठाला उकिडवा बसायचा. घरी भात निवून जायचा. आई म्हणायची, "काऊन रे, ताट पुढ्यात आन् ध्यान कुठी? बिमार लेकराजवळ बसल्यावानी बसून राहतो गवताजवळ." तो म्हणायचा, "जेवतो ना," आणि दोन घास खाऊन उठायचा. त्याची गळ्याची हाडं दिसायला लागली. आईनं त्याच्या वाटच्या झिंग्यांची चटणी झाकून ठेवली, ती दोन दिवस तशीच राहिली. ती फेकताना आई पदरानं डोळे पुसत होती, हे मी पाहिलं.

आता मी काय केलं ते सांगते. नातवंडांना मी माझ्या सगळ्या खोड्या सांगितल्या आहेत, एवढी एक सोडून.

दुपारची सुट्टी झाली की बाया मोहाच्या झाडाखाली डबे सोडायच्या, साहेब खोलीत जायचे आणि भाऊ आकडे उतरवत बसायचा. युरियाची पोती उघड्या छपरीत असायची. मी पाण्याच्या गुंडीत युरिया कालवायचे आणि पाणी प्यायला निघाल्यासारखी उपाशी बांधीकडे जायचे. नुसतं फेकून आले असते तर बरं झालं असतं. पुढच्याच कापणीला गोंधळ दिसला असता आणि कुणालाही कळलं असतं. पण माझ्यात डोकं होतं ना! कडेच्या पट्टीला तीन मुठी, तिच्या आतल्या पट्टीला दोन, मग एक, मग अर्धी, आणि मधे काही नाही. भावानं शिकवलेली वाकडी रेषा मी गुंडीनं जमिनीवर काढली. चार-पाच दुपारी. त्या अख्ख्या जिल्ह्यात ते गणित दोघांनाच येत होतं, आणि त्यातल्या एकीनं असा उपयोग केला. वाटत काय होतं, तर मी दोन उपाशी जीवांना जेवू घालते आहे. म्हातारीला हसणारी मी, तिच्याच वाटेनं गेले. फरक एवढाच, की तिनं तोंडावर विचारलं होतं.

तिसऱ्या कापणीला मी आकडे ओरडून सांगत होते आणि भाऊ लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. "पुन्हा तोल," तो म्हणाला. मी पुन्हा तोललं. त्यानं वही साहेबांपुढे नेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मनोहर," ते म्हणाले, "मी चुकलो होतो." एवढा मोठा माणूस असं म्हणाला आणि भाऊ त्यांच्यासमोर लहान पोरासारखा रडला. त्या संध्याकाळी तो तीन वेळा भात मागून जेवला. आईनं लाखोरीचे वडे तळले आणि ते वाटायला मला गावभर पाठवलं. मी वाटले. हसत हसत वाटले.

मी तेव्हा का सांगितलं नाही, हे कुणी न विचारता मीच स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पौर्णिमेला विहारात सगळे पंचशील म्हणायचे. चवथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की मी खोकायचे. आई शेजारून म्हणायची, "याच वक्ताले कायले खोकला येते वं तुले?" दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग भाऊचा चेहरा दिसायचा. त्याच्या गालांवर तेव्हा मांस आलं होतं.

तो आकडे घेऊन मोठ्या शहरात गेला. सौंदडच्या फलाटावर अर्धं गाव आलं होतं. परत आला तो उजळून आला होता. त्यांनी ऐकून घेतलं होतं, प्रश्न विचारले होते, जागा देऊ म्हणाले होते. अट एकच. पुढच्या हंगामात हेच पुन्हा करा, आणि तोलायला माणूस आमचा.

पुढच्या हंगामात पाऊस जेमतेमच झाला. फारमाला तारेचं कुंपण आलं आणि गोंदियाहून एक चौकीदार आला. बायांना फक्त कापणीच्या दिवशी आत घ्यायचे. मी एकदा दुपारी गुंडी घेऊन फाटकाशी गेले. काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. चौकीदार म्हणाला, "अंदर कोई नहीं जाएगा बाई, साहब का ऑर्डर है. पानी पीना है तो बाहर नल है." मी नळावर जाऊन पाणी प्याले.

पहिली कापणी, दुसरी, तिसरी. बांधी काठापासून काठापर्यंत पिवळी. तिकडून आलेल्या माणसानं आकडे लिहिले, वही मिटली आणि भाऊकडे न बघता जीपमध्ये बसला. साहेब भाऊला एवढंच म्हणाले, "तू घरी बसून आकडे लिहिले असशील असं मला वाटत नाही. पण मला आता काय वाटतं, ते मला स्वतःलाच माहीत नाही." भाऊ घरी आला आणि भिंतीसमोर बसला. दोन दिवस भिंतीवरची एकेक ओळ बोटानं तपासत राहिला, चूक कुठे झाली म्हणून. तिसऱ्या दिवशी आई म्हैस घेऊन गेली आणि मी त्याच्या पाठीमागे उभी राहून सांगितलं.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. भिंतीकडे पाहतच म्हणाला, "किती मुठी?"

मी सांगितल्या. तीन, दोन, एक, अर्धी.

"कोणत्या दिवसापासून?"

तेही सांगितलं. त्यानं वही काढून सगळं लिहून घेतलं. मुठी, दिवस, पट्ट्या. अक्षर नेहमीसारखं बारीक आणि सरळ. मग पेन्सिल ठेवून म्हणाला, "रेषा बरोबर काढली तू." कौतुक नव्हतं त्यात आणि टोमणाही नव्हता.

मी म्हटलं, "मी आत्ताच जातो साहेबाकडे. सांगतो, म्या केलं म्हणून."

"कोण खरं मानल?" तो म्हणाला. "बहिणीकडून करून घेतलं, म्हणतील. त्यातही तू ते गणितानं केलं. सतरा सालच्या पोरीले ते कोणी शिकवलं, म्हणतील. मीच शिकवलं." मग वही मिटून म्हणाला, "मागच्या साली सांगितलं असतं तं चाललं असतं."

त्यानं संस्थेला पत्र लिहिलं. गेल्या हंगामातले त्या तुकड्याचे आकडे भरवशाचे नाहीत, ते रद्द समजावेत. कारण लिहिलं नाही. तिकडे लोकांनी जो अर्थ लावायचा तो लावला. उत्तर आलं नाही. फारमवरचं काम त्यानं स्वतःच सोडलं. त्या वर्षी पोतारा करताना आईनं हात आखडता घेतला, तेव्हा तोच म्हणाला, "पोतार आई, सगळी पोतार." आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं त्यानंतर माझ्या खोकल्याबद्दल कधी विचारलं नाही.

भाऊ कोहमाऱ्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायला लागला आणि तिथूनच रिटायर झाला. पोरं म्हणायची, सर फार छान शिकवतात. माझ्या लग्नात त्यानं सगळं केलं, सणावाराला साडी आणली, माझ्या मुलांना खांद्यावर घेतलं. एक कडू शब्द बोलला नाही. फक्त मला त्यानं पुन्हा कधी गणित सांगितलं नाही. मी एकदोनदा विचारून पाहिलं, साधंच काहीतरी, मुलाच्या पुस्तकातलं. तो म्हणायचा, "त्याच्या मास्तरले विचार." नागपूरचं नावही पुन्हा निघालं नाही, आणि काढायचं तोंड मला नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात तो फुलचूरला मुलाकडे अंथरुणाला खिळला होता. मी आठ दिवस जाऊन राहिले. एका सकाळी उन्हात त्याची खाट ओढून मी त्याचे पाय चेपत होते. मोबाईलवर त्याची नात काहीतरी बघत होती, हिरवं, शेताचं. कोण जाणे कशानं, पण इतक्या वर्षांनी माझी जीभ सुटली.

"भाऊ, तुहं गणित चूकच होतं ना गा? दुसऱ्या साली तं काहीच नाही उगवलं." खरं सांगते, मला 'हो' ऐकायचं होतं. गणितच चूक असतं, तर मी मोडलं त्यात मोडण्यासारखं काही नव्हतं.

तो हळूच बोलला, मला खाली वाकावं लागलं. "दुसऱ्या साली पाणी कुठी होतं, सुमे? जमीन हातभर खाली कोरडी. ओलच नाही, तं खत चालल कशातून? त्या सालानं हो बी म्हटलं नाही आन् नाही बी. पहिल्या साली पाणी होतं. दुसऱ्या कापणीले कडेशी थोडं हिरवं दिसून राहिलं होतं."

"म्हणजे बरोबर होतं?"

"मले माहीत नाही."

"मंग पुन्हा काऊन नाही केलं? ओलीच्या साली?"

"कोण देईल जमीन? माह्या आकड्यावर कोणाचा भरवसा होता?" त्यानं डोळे मिटले. झोपला असं वाटून मी चादर वर ओढली, तेव्हा तो पुन्हा बोलला. "एक महिना थांबली असती तं कळलं असतं. 'नाही' आलं असतं तरी मले चाललं असतं वं."

मी त्याचे पाय चेपत राहिले. ऊन खाटेवरून सरकलं, तेव्हा नात आणि मी मिळून खाट पुन्हा उन्हात ओढली.